पीपी (पॉलीप्रोपिलीन) प्लास्टिकच्या जॉबवर, म्हणजे पार्टवर, टेप लावायचीय: प्रायमर घ्यावा की फ्लेम?

भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे प्लास्टिक पार्ट करणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच: टेपआधी पकड वाढवणारा द्रव (प्रायमर) पुसायचा, की पृष्ठभागावरून गॅसची ज्योत (फ्लेम) फिरवायची? एबीएस प्लास्टिकवर फोम टेप मुकाट बसते. तीच टेप पीपीच्या ट्रिमवर लावा, दुसऱ्या दिवशी नखाने अलगद सुटते. एबीएसची सरफेस एनर्जी (गोंद पृष्ठभागावर किती पसरेल याचं माप) ४० डाइनच्या आसपास, पीपीची जेमतेम ३०. डाइन पेनने (ठरावीक डाइनची शाई असलेलं तपासणीचं पेन) ३८ची रेघ कोऱ्या पीपीवर ओढली की ती लगेच आकसते आणि तिचे थेंब होतात. गोंदाचंही तिथे तेच होतं.

प्रायमरला सुरुवातीचा खर्च नगण्य. डबा, लिंटफ्री (धागे न सोडणारं) कापड, आयपीए (जॉब पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणली की काम सुरू. बरगड्या, कोपरे, आतल्या खाचा, जिथे ज्योत नीट पोचत नाही तिथेही हात पोचतो. पण सगळी मदार हातावरच. थर पातळ हवा, ओला चकाकणारा नको. जास्त लावला की जोड प्रायमरच्या थरातूनच तुटतो. बहुतेक प्रायमर रंगहीन असतात, त्यामुळे एखादा कोपरा सुटला तरी दिसत नाही. यूव्ही दिव्याखाली चमकणारा मिळत असेल तर थोडे पैसे जास्त मोजून तोच घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. सॉल्व्हंटची वाफ हा दुसरा मुद्दा: एक्झॉस्ट आणि हातमोजे नसतील तर हे काम माणसाला देऊच नका. पावसाळ्यात सॉल्व्हंट उडताना जॉब गार पडतो, त्यावर ओल धरते. जुलै-ऑगस्टमध्ये वाळायला जास्त वेळ द्या. आणि टेपचा प्रायमर सुपरग्लूला चालेल असं गृहीत धरू नका.

फ्लेमचं गणित वेगळं. बर्नर, गॅस-हवेचं प्रमाण, अंतर आणि वेग एकदा बसवला की प्रत्येक जॉबला सारखीच ट्रीटमेंट मिळते, आणि गोंद लावण्याआधीच पेनने नमुना तपासता येतो. माझ्या मते हाच तिचा सर्वात मोठा फायदा. प्रायमरची खरी परीक्षा जोड ओढून पाहिल्यावरच होते. मात्र ज्योत जास्त झाली की वरचा थर कमकुवत होतो, पातळ जॉब वाकतो. ट्रीटमेंटचा असर दिवसागणिक उतरतो, हाताच्या तेलकटपणाने तर लगेच. ट्रीट केलेला माल गोदामात ठेवायचा असेल तर फ्लेम नकोच.

इलेक्ट्रॉनिक्सच्या नाजूक हाउसिंगला प्लाझ्मा (विजेने भारलेल्या वायूची ट्रीटमेंट), पण तो खर्च छोट्या युनिटला सहसा झेपत नाही.

एकच सपाट जॉब, रोज हजारोंनी, तर फ्लेम. दहा प्रकारचे जॉब, छोटे लॉट, तर प्रायमर.

ऑर्डर घेण्याआधी दोन्ही प्रकारे नमुने करा. टेप रोलरने दाबा, कारण अशा अॅक्रिलिक टेपची पकड दाबावर अवलंबून असते. थंडीत पहाटेच्या शिफ्टला जॉब गार असतात, ते आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पूर्ण पकडीला साधारण ७२ तास लागतात. त्याआधी ओढू नका. मग ओढा. फोम मधोमध फाटून दोन्ही बाजूंना राहिला तर जोड पक्का. पीपी कोरा करकरीत निघाला तर ती पद्धत त्या जॉबसाठी बाद.