नवे फ्रंट लोड मशीन आणि सुती कपड्यांची निगा

नवे वॉशिंग मशीन घेताना बहुतेक घरांत डाग किती निघतात, वीज किती लागते आणि कपडे किती मावतात एवढेच विचारले जाते. आमचा प्रश्न कपडे टिकण्याचा होता. सासूबाई रोज सुती नऊवारी नेसतात, माझ्याकडे हातमागाच्या साड्या आणि खादीचे कुर्ते आहेत, आणि जुन्या दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये या कपड्यांचे काठ विरत, साड्यांना पीळ बसत आणि गडद रंग बघता बघता उतरत असत. म्हणून आम्ही ८ किलो क्षमतेचे, आत हीटर असलेले फ्रंट लोड मशीन घेतले, आणि एक सबंध पावसाळा व त्यानंतरचा हिवाळा ते वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण इथे लिहिलेले बरेचसे या वर्गातल्या कोणत्याही मशीनला लागू पडते, आणि कपडे किती टिकतील हे कंपनीपेक्षा वापरणाऱ्याच्या हातावर अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत झाले आहे.

मशीन बसवताना दोन गोष्टी स्वतः उभे राहून करून घ्याव्यात. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागच्या बाजूला लांब बोल्ट लावलेले असतात. ते न काढता मशीन चालवले तर ते थडथडत जागा सोडते आणि आतले भाग निकामी होऊ शकतात. दुसरे म्हणजे, ड्राय बाल्कनीची फरशी पाणी वाहून जाण्यासाठी उताराची असते, त्यामुळे मशीनचे चारही पाय फिरवून ते लेव्हलमध्ये आणावे लागते. हीटरमुळे १६ अँपिअरचा पॉवर प्लग लागतो, तो आधीच असावा.

वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये कपडे पाण्यात तरंगतात आणि तळाची चकती त्यांना घुसळते, त्यामुळे ते एकमेकांभोवती पिळले जातात. फ्रंट लोडचा ड्रम आडवा असतो. आतली पाती कपडे उचलून वर नेतात आणि ते स्वतःच्या वजनाने खालच्या थोड्याशा पाण्यात पडतात. नदीकाठच्या दगडावर कपडा आपटण्याचेच हे सौम्य रूप म्हणता येईल. पाणी थोडे लागते ते यामुळेच. सुती कपड्यांच्या एका पूर्ण धुण्याला साधारण ५० ते ७० लिटर पाणी पुरते, आणि उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत ही लहान गोष्ट नाही. मात्र कपड्याला पडायला जागा हवी. ड्रम दाबून भरला की कपडे एकमेकांना नुसते घासत राहतात, स्वच्छ होत नाहीत आणि झिजतात. कपडे भरल्यावर वरच्या बाजूला हाताचा पंजा उभा सहज आत गेला पाहिजे, एवढे माप पुरेसे आहे. नाजूक कपड्यांच्या प्रोग्रॅमला ड्रम निम्म्याहून कमी भरावा, कारण त्यात पाणी जास्त घेतले जाते आणि ड्रम पूर्ण गरगर न फिरता हळूहळू डुलतो.

नऊवारीचा अनुभव सविस्तर सांगण्यासारखा आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, आणि ते मोकळे टाकले तर कोणत्याही मशीनमध्ये त्याचा दोर होतो व बाकीचे कपडे त्यात गुंडाळले जातात. सासूबाई आता साडी लांबीतून चार पदरी करतात, तिची सैल पण नीट घडी घालतात आणि मोठ्या जाळीच्या पिशवीत ठेवून चेन लावतात. अशा दोन पिशव्या, ३० अंश तापमान, नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम आणि मिनिटाला ६०० फेऱ्यांचे स्पिन (पाणी काढण्यासाठी ड्रम जोरात फिरवणे) असे ठेवले की साडी बाहेर येते तेव्हा घडी जवळजवळ जागच्या जागी असते आणि काठ ताणलेला नसतो. पूर्वी साडी वाळत घालताना दोन जणांनी दोन टोके धरून झटकावी लागे, ते काम आता एकटीने होते. काठ आणि पदर जिथे जोडले जातात तिथे सूत सर्वांत आधी सुटते, आणि त्या जागी आत्तापर्यंत एकही नवी वीण उसवलेली मला दिसलेली नाही.

गडद रंगाच्या नव्या साडीची परीक्षा मात्र घेतलीच पाहिजे. आतल्या बाजूचा एक कोपरा ओला करून त्यावर पांढरा रुमाल दाबून धरावा. रुमालाला रंग लागला तर ती साडी बादलीत, गार पाण्यात, एकटीच धुवावी. पैठणी, जरीकाठ आणि कोसा या मशीनमध्ये कोणीही सांगितले तरी टाकू नयेत. रेशीम आणि लोकर हे दोन्ही प्रथिनांचे तंतू आहेत आणि नेहमीच्या डिटर्जंटमध्ये प्रथिनांचे डाग तोडणारे एन्झाइम असते, ते डागाबरोबर या तंतूंनाही पोखरते. साध्या रेशमी ब्लाउजसाठी रिठ्याचे पाणी आणि हलका हात यांना पर्याय नाही. जरीचे वस्त्र ड्रायक्लीनिंगलाच द्यावे. लोकरीच्या शालीसाठी मशीनमध्ये वेगळा प्रोग्रॅम आहे आणि लोकरीसाठीचा सौम्य द्रव वापरून तो चांगला चालतो. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊन पाणी आणि घासणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि शाल आटून घट्ट होते, म्हणून तिथे तापमान आणि स्पिन दोन्ही कमीच हवे.

डिटर्जंटच्या बाबतीत आपल्याकडची समजूत बदलायला फार वेळ लागतो. फेस म्हणजे स्वच्छता असे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, पण या मशीनमध्ये फेस हा अडथळा ठरतो: कपडा पडताना फेसाच्या गादीवर पडतो, त्यामुळे मळ सुटत नाही, आणि मशीनला फेस जास्त झाल्याचे कळले की ते विसळण्याची वेळ वाढवते. म्हणून कमी फेसाचा, फ्रंट लोडसाठी बनवलेला डिटर्जंटच घ्यावा. काचेच्या दारातून पाहत राहिले की अंदाज लगेच येतो. काचेच्या खालच्या कडेला फेसाची बोटभर रेघ दिसली तर माप बरोबर आहे, निम्मी काच पांढरी झाली तर पुढच्या वेळी माप कमी करावे, आणि पाणी गढूळ असून फेस अजिबात नसेल तर थोडे वाढवावे. आमच्याकडे बोअरचे जड पाणी येते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार डिटर्जंटची शक्ती खातात, त्यामुळे महापालिकेच्या पाण्यापेक्षा इथे माप किंचित जास्तच लागते. खादीसाठी मी उजळपणाची जाहिरात करणारी पावडर टाळते, कारण तिच्यातल्या चमक आणणाऱ्या द्रव्यांमुळे खादीच्या मूळ साईसारख्या रंगाला निळसर झाक येते. पंच्यांना आणि टॉवेलना सॉफ्टनर तर मुळीच नको. त्याचा पातळ थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासे होतात.

तापमानाबद्दल अनेकांच्या मनात विजेची धास्ती असते, तिचा हिशोब सोपा आहे. मुख्य धुण्याचे १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला साधारण पाव युनिट वीज लागते, तेच ६० अंशांपर्यंत न्यायचे तर सुमारे ०.६ युनिट. ४० अंशांना एन्झाइम उत्तम काम करतात, तेलकट मळ सुटतो आणि बहुतेक सुती रंग शाबूत राहतात, म्हणून रोजच्या कपड्यांना ४० आणि रंगीत व हातमागाच्या कपड्यांना ३० अंश हे आम्ही ठरवून टाकले आहे. डोक्याच्या तेलाने माखलेले उशांचे अभ्रे गार पाण्यात कधीच निघत नव्हते, ते आता ४० अंशांना स्वच्छ निघतात. ६० अंश फक्त चादरी, पंचे आणि आजारी माणसाचे कपडे यांच्यासाठी.

डागांचे काम मात्र मशीनवर सोपवून चालत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात सांगितले, "ताई, कॉलर घासल्याशिवाय निघत नाही, मशीन कितीही भारी असू दे." त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. शर्ट टाकण्यापूर्वी कॉलर आणि बाह्यांची टोके ओली करून त्यांवर साबणाची वडी फिरवायची, मऊ ब्रशने दोन हात मारायचे आणि थोडा वेळ तसेच ठेवायचे, ही मावशींची पद्धत आम्ही जशीच्या तशी ठेवली आहे. रक्त आणि दूध यांचे डाग आधी गार पाण्यातच धुवावेत, ऊन पाण्याने ते पक्के बसतात. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, त्याने घाबरून तो खरवडत बसू नये, कारण हळदीचा रंग सूर्यप्रकाशात टिकत नाही. पांढरा कपडा धुऊन थेट उन्हात टाकला की डाग फिका होत जातो. साड्यांना खळ द्यायची असेल तर ती बादलीतच द्यावी. मशीनमध्ये खळ घातली तर तिचा चिकट थर ड्रमला आणि हीटरला बसतो.

स्पिनच्या फेऱ्या हा या मशीनचा सर्वांत मोहात पाडणारा आकडा आहे. आमचे मशीन १२०० फेऱ्यांपर्यंत जाते आणि तेवढ्यावर सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याच्या आसपासच पाणी उरते. आषाढात, दोरीवर टाकलेले टॉवेल जेव्हा दोन दिवस दमट राहतात, तेव्हा याचे मोल कळते. पंख्याखाली टाकलेले टॉवेल रात्रीत वाळत होते. पण फेऱ्या दुप्पट केल्या की कपड्यावरचा दाब चौपट होतो, आणि त्या दाबाने पडलेल्या चुण्या इस्त्रीलाही दाद देत नाहीत. म्हणून १२०० हा आकडा टॉवेल आणि चादरींसाठी, शर्ट-कुर्त्यांना ८००, साड्यांना ६०० किंवा त्याहून कमी. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत, चेन लावलेली आणि हुक अडकवलेले असावेत, आणि परकराच्या नाड्यांची सैल गाठ मारावी, नाहीतर त्या इतर कपड्यांचे धागे ओढतात.

मशीनला कुबट वास येतो ही फ्रंट लोडबद्दलची नेहमीची तक्रार आहे, आणि ती टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. दाराभोवतीच्या रबराची घडी बोटाने उलगडून पाहा: खालच्या बाजूला थोडे पाणी साचलेले असते, त्यात धाग्यांचा लगदा, केस आणि कधी एखादी सेफ्टी पिन सापडते. शेवटचे धुणे झाल्यावर ही घडी फडक्याने पुसून दार किलकिले ठेवावे, पावडरचा कप्पा ओढून मोकळा ठेवावा आणि धुतलेले कपडे ड्रममध्ये पडून राहू देऊ नयेत. खालच्या झडपेमागचा फिल्टर अधूनमधून उघडून साफ करावा, आणि महिन्यातून एकदा मशीन रिकामे, गरम पाण्यावर चालवावे. जड पाण्याच्या घरांत हीटरवर क्षार बसतात, त्यासाठी क्षार काढणारी पावडर लागते; ती बाजारात कुठेही मिळते, पण मशीन बसवायला आलेल्या माणसाने ती त्याच्याकडूनच, बऱ्याच चढ्या भावात घेण्याचा आणि त्याच दिवशी वार्षिक करार करण्याचा जो आग्रह धरला, तो मला अजिबात आवडला नाही.

उणिवा आहेत. सुती ४० अंशांचा प्रोग्रॅम अडीच तासांच्या पुढे जातो, आणि उरलेली मिनिटे दाखवणारा आकडा मधेच थांबतो किंवा पुढे सरकतो, त्यामुळे बाहेर जायचे असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पंधरा मिनिटांचा प्रोग्रॅम घामाने ओले झालेले दोन-चार कपडे ताजे करण्यापुरता ठीक आहे, मळके कपडे त्यात धुतले जात नाहीत. एकच जड वस्तू टाकली की तोल साधत मशीन बराच वेळ घालवते आणि शेवटी स्पिन सोडून देते. घरची जाड गोधडी म्हणूनच आम्ही अजून हातानेच धुतो. बटणांवरची सगळी अक्षरे इंग्रजीत आहेत. महाराष्ट्रात एवढी मशीन विकणाऱ्या कंपन्यांना मराठीत माहितीपुस्तिका देणे का जमू नये, हे मला खरोखर समजत नाही. आम्ही तीन प्रोग्रॅमशेजारी मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि तेव्हापासून सासूबाई कोणाला न विचारता मशीन लावतात.

ज्यांच्या घरी सुती, हातमागाचे आणि रंगीत कपडे जास्त आहेत, ज्यांना पाणी जपून वापरावे लागते आणि ज्यांचे धुणे तासाभरात उरकण्याची घाई नसते, त्यांनी हे मशीन अवश्य घ्यावे. जिथे दिवसातून तासभरच नळाला पाणी येते आणि वर टाकी नाही, तिथे सेमी-ऑटोमॅटिकच सोयीचे पडेल, कारण फ्रंट लोड तासन्‌तास थोडे थोडे पाणी मागत राहते. खरेदीच्या वेळी हमीचे कागद नीट वाचावेत. दहा वर्षांची म्हणून जी हमी मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते ती बहुधा फक्त मोटरची असते. इलेक्ट्रॉनिक पॅनल आणि दाराचे रबर यांची मुदत किती, हे दुकानदाराला विचारून बिलावर लिहून घ्यावे.