उघडा डायोड की क्रिस्टल?

घरी गॅमा डिटेक्टर, म्हणजे किरणोत्सर्गातले गॅमा किरण टिपणारं यंत्र, जुळवायचा म्हटलं की शेवटी दोनच वाटा उरतात. बीपीडब्ल्यू ३४ सारखा पिन डायोड, म्हणजे प्रकाश टिपणारा सिलिकॉनचा तुकडा, अंधारात कोंडून थेट वापरायचा, नाहीतर गॅमा पडला की चमकणारा सीझियम आयोडाइडचा क्रिस्टल ती चमक टिपणाऱ्या सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरला चिकटवायचा. बेळगावात, वडगावच्या घरी, मी दोन्ही करून बघितलं.

डायोडचं मला अजून कौतुक आहे. फरसाणाचा पत्र्याचा डबा, ९ व्होल्टची बॅटरी, चार्ज अ‍ॅम्प्लिफायर, झालं. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन-होल जोडी सुटायला ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. ६० केईव्ही, म्हणजे ६० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या गॅमाला हाती येतात जेमतेम १६-१७ हजार इलेक्ट्रॉन. एवढ्याशा चार्जमागे लागलं की इलेक्ट्रॉनिक्स आपोआप शिकून होतं.

पण शेजारचे माग! पेट्रोमॅक्सची जुनी, किरणोत्सर्गी थोरियमवाली मँटल डब्यापुढे धरली, काउंट चढले. काढली, तरी चढतेच. दोन दिवस सोल्डरिंग तपासलं, फॉइलचा आणखी एक थर चढवला. तिसऱ्या दुपारी करंट गेलं, शेजारचे पॉवरलूम थांबले आणि बॅटरीवरचा माझा डबाही गप्प झाला. डायोडचा पाय आणि पत्रा यांच्यातलं कपॅसिटन्स पिकोफॅरडच्या हजाराव्या भागाने जरी हललं, तरी ९ व्होल्टला तो चार्ज २०० केईव्हीच्या गॅमाएवढा भरतो. मागाची थरथर संथ असल्याने शेपिंगमध्ये, म्हणजे सिग्नल गाळणाऱ्या भागात, बरीचशी गळते, पण उरते तेवढी पुरे होते. खाली फोम घातला, जुनी उशी घातली. निम्मा फरक पडला असेल.

फोटोमल्टिप्लायर स्वतःच सिग्नल दहाएक लाख पटीने वाढवून देतो, त्यामुळे माग खुशाल चालोत. शिवाय सिलिकॉनचा अणुक्रमांक १४, म्हणून वरच्या ऊर्जेला नुसतं कॉम्प्टनच, म्हणजे गॅमा थोडी ऊर्जा देऊन निसटतो. क्रिस्टलमधलं आयोडीन ५३, सीझियम ५५, म्हणून बरेच गॅमा पूर्ण अडतात. ऊर्जेच्या आलेखात मँटलचं २३९ केईव्हीचं शिखर डोळ्यांना दिसतं. उसाला घालायच्या पोटॅशची पिशवी रात्रभर शेजारी ठेवली की त्यातल्या पोटॅशियमचा १४६० केईव्हीचा उंचवटाही येतो.

खर्च जास्त, हे खरं. एप्रिलच्या उन्हात फोटोमल्टिप्लायरचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची पट, उतरतो, शिखरं डावीकडे सरकतात. तुमची गल्ली शांत असेल आणि नुसते काउंटच हवे असतील, तर डायोडला मी नाही म्हणणार नाही. मला विचाराल तर थोडे पैसे साठवा. आणि क्रिस्टल पॅकबंदच घ्या. मी उघडा आणला आणि पहिल्याच श्रावणात त्याची एक बाजू दुधाळ करून ठेवली.