अलंकृत दर्शनी भाग की सपाट भिंत: निर्णयापूर्वीचा तुलनात्मक आढावा

इमारतीचा दर्शनी भाग नक्षीने सजवावा की साधा ठेवावा, हा प्रश्न बहुधा आवडीचा किंवा खर्चाचा मानून निकालात काढला जातो. वस्तुतः ती इमारत लोकांना स्वतःविषयी काय सांगणार, हेच त्यातून ठरत असते.

अलंकरणाला उघडपणे बोलता येते. स्पेनमधील ग्रानाडा शहरातील अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या भिंतींवर 'अल्लाहवाचून कोणी विजेता नाही' हे तेथील नासरी या मुस्लिम राजघराण्याचे ब्रीद अरबी लिपीत गिलाव्यात पुन्हा पुन्हा उठवलेले आहे. अक्षरे, वेलबुट्टी आणि भूमिती तेथे अशी एकजीव झाली आहेत की नक्षी काढल्यास सत्ता आणि श्रद्धा यांच्या नात्याविषयीचे विधानच पुसले जाईल. मात्र ती लिपी न वाचणाऱ्यापर्यंत केवळ सौंदर्य पोहोचते, आणि ही मर्यादा थोडी नाही.

अलंकरणाला श्रमाचा अपव्यय मानणारे वास्तुविशारद आडोल्फ लोस यांनी व्हिएन्नात राजवाड्यासमोर 1911 मध्ये पूर्ण केलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवरील खिडक्यांना साध्या चौकटीचीही नक्षी दिली नाही, आणि शहरात गदारोळ उठला. सपाट भिंतही बोलते, याचा याहून सबळ पुरावा शोधावा लागू नये. शिवाय खालच्या मजल्यांना त्यांनी हिरव्या शिरांचा संगमरवर लावला. म्हणजे शोभा हटली नाही, ती दगडाच्या अंगी गेली. न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीची (1958) गत तर अधिक गमतीची आहे: बाहेरून दिसणारे काशाचे (ब्रॉन्झचे) उभे पट्टे इमारतीचा भार पेलत नाहीत, खरा सांगाडा आत काँक्रीटने झाकलेला आहे; म्हणजे साध्या दिसणाऱ्या इमारतीवरचे हे पट्टेही एक प्रकारे अलंकरणच.

व्यवहारात साधेपणा स्वस्त पडेलच असे नाही. भिंतीच्या माथ्याशी पुढे आलेली कंगणी पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकते आणि पट्टी दोन साहित्यांमधला ओबडधोबड सांधा झाकते. ही दोन्ही काढली की ओघळ आणि सांधे उघडे पडतात आणि कामात अधिक काटेकोरपणा लागतो.

म्हणून सांगण्याजोगा आशय, तो ओळखणारे लोक आणि कुशल कारागीर असतील तर अलंकरण निवडावे. नसतील तर सपाट भिंत निवडून तोच पैसा उत्तम दगडावर आणि देखरेखीवर खर्चावा. कोणत्याही इमारतीला चालणारी तयार नक्षी चिकटवण्याचा मधला मार्ग मला पटत नाही. दोष साच्याचा नव्हे. वास्तुविशारद लुई सलिव्हन यांच्या अमेरिकेतील बफेलो शहरातल्या गॅरंटी इमारतीची (1896) टेराकोटा म्हणजे भाजलेल्या मातीची नक्षीही साच्यांतलीच आहे, पण ती त्याच इमारतीसाठी रेखाटलेली होती.