ब्रेक पेडल कधीतरीच खाली जायचं, धायरीच्या गॅरेजमध्ये कारण सापडलं

धायरी फाट्याच्या आतल्या गल्लीतल्या या छोट्या गॅरेजबद्दल जरा सविस्तर लिहितेय, कारण विषय ब्रेकचा आहे आणि "कधीतरीच होतं" असं सांगितलं की बऱ्याच ठिकाणी कोणी मनावर घेत नाही. आमची हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम. त्रास असा की सिग्नलला ब्रेकवर हलका पाय ठेवून उभं राहिलं की पेडल हळूहळू खाली सरकायचं, पण रोज नाही, सकाळी निघताना एकदम कडक आणि संध्याकाळी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापली की मग सुरू. जोरात दाबलं की परत व्यवस्थित. ब्रेक ऑइलची लेव्हल जराही कमी नाही, कुठे गळती नाही.

आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दाखवलं होतं. त्यांनी पुढचे पॅड बदलले, ब्लीडिंग केलं (ब्रेकच्या लाइनमधली हवा काढली) आणि "मॅडम, एवढं पेडल जातंच" म्हणून गाडी परत दिली. थोडे दिवस बरं वाटलं, मग परत तेच, उलट जास्तच. नवऱ्याचं ऑफिस शिरवळला आहे, म्हणजे येताना कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार रोजचा, आणि तिथे ब्रेक गेल्यावर काय होतं हे पुण्यात कोणाला वेगळं सांगायला नको.

इथल्या काकांचं मला सगळ्यात आवडलं ते हे की बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी नीट विचारलं. हळू दाबल्यावर जातं का जोरात? पटापट पंप केलं तर पेडल वर येऊन कडक होतं का? वळणानंतर किंवा खड्ड्यांच्या रस्त्यानंतर पहिलं पेडल लांब जातं आणि दुसरं बरोबर लागतं, असं होतं का? फक्त घाट उतरल्यावरच होतं का? प्रत्येक उत्तराचा रोग वेगळा. पंप केल्यावर कडक झालं तर लाइनमध्ये हवा असू शकते नाहीतर मागचे ड्रम सैल, हँडब्रेक दोन खाचा ओढून पेडल वर आलं तर ड्रमच. पहिलंच पेडल लांब जात असेल तर व्हील बेअरिंगचा प्ले (सैलपणा) नाहीतर वाकडी डिस्क, ती पॅडना मागे ढकलते. आणि घाटात गेलं, थंड झाल्यावर परत आलं, तर ऑइलमध्ये पाणी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, नवीन डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही पण त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते, मग उतारावर वाफ होते आणि पाय सरळ खाली जातो. बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) बिघडला तर पेडल कडक होतं, मऊ नाही, त्यामुळे त्याच्यावर पैसे घालवायचेच नाहीत असं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

आमचं ऑइल टेस्टरवर खराबच निघालं. दुसरं कोणी तेवढं बदलून बिल केलं असतं. काका म्हणाले, "ताई, हे बदलावंच लागेल, पण तुमचा आजार हा नाही, सिग्नलला उभ्या गाडीत ऑइल उकळत नाही."

मग टेस्ट. गाडी रस्त्यावर काढलीच नाही, जागेवरच इंजिन चालू ठेवून फॅन लागेपर्यंत तापवली आणि मला बसवून सांगितलं की पाय अगदी हलका ठेवा. गेलं पेडल खाली! चारही चाकांच्या रबरी होजना (ब्रेक ऑइलच्या नळ्यांना) गोल तोंडाचे क्लॅम्प लावले (साध्या पकडीने दाबलं तर होज आतून चिरतो म्हणे), तरी जातंय. म्हणजे चाकांकडे काही नाही. नंतर मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबलं की ऑइलला प्रेशर देणारा भाग) पाइप सोडून तिथे बूच लावले, म्हणजे एबीएसचा ब्लॉकही बाजूला झाला, तरीही जातंय. तिथे विषय संपला, मास्टर सिलिंडरच आतून पास होतोय, म्हणजे प्रेशर धरत नाही. ऑइल आतल्या रबरी सीलवरून मागे सरकून परत टाकीतच येतं म्हणून लेव्हल कमी होत नाही आणि कोणाला काही दिसत नाही. जोरात दाबलं की प्रेशरने सीलची कड फाकते आणि घट्ट बसते, हलक्या पायाला ती बसत नाही. जुन्या गाडीचं पेडल तळापर्यंत दाबून ब्लीडिंग केलं तर सील एरवी जात नाही त्या खरखरीत भागावरून घासतं, म्हणून त्यांच्याकडे पोरं पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतात, हे मी स्वतः बघितलं.

गाडी त्या दिवशी घरी नेऊ दिली नाही, आणि ते मला पटलं. सिलिंडरच्या आत रेघा होत्या म्हणून नुसतं सीलचं किट न टाकता नाना पेठेतून ओरिजिनल सिलिंडर मागवला, पॅकिंग माझ्यासमोर फोडलं, बसवायच्या आधी बाकावरच त्यातली हवा काढली, नवीन ऑइल सीलबंद बाटलीतलं. जुना सिलिंडर उघडून झिजलेलं सील दाखवलं आणि सोबत दिला. आता अर्धा मिनिट पाय ठेवला तरी पेडल तसूभर हलत नाही. खर्च सर्व्हिस सेंटरच्या पॅडसकटच्या बिलापेक्षा कमी आला, हे मात्र लागलं मनाला.

कमी काय म्हणाल तर गल्ली अरुंद आहे, मोठी एसयूव्ही वळवताना त्रास होईल, फोन दहादा करावा लागतो, पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. शनिवारी जाऊ नका, नंबर लागत नाही. एबीएसचं स्कॅनर आहे पण सगळ्या गाड्यांना चालत नाही, आधी मॉडेल सांगून विचारा. आणि पेडल मऊ लागत असेल तर चालवत नेऊ नका, ते टोइंगवाल्याचा नंबर देतात.