टेस्टरवर पास, ॲम्प्लिफायरमध्ये राख: माझे ६,८५० रुपये

गणपती तोंडावर, बेळगावकडच्या खानापूर भागातल्या मंडळांचे ॲम्प्लिफायर दुकानात रांगेने पडलेले. कोल्हापूरच्या एका विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर सी ५२०० आणि ए १९४३ या पॉवर ट्रान्झिस्टरांची (ॲम्प्लिफायरमधून स्पीकरला ताकद देणारे भाग) जोडी १६५ रुपयांना लावली, ‘जपानी ओरिजिनल’ म्हणून. चाळीस जोड्यांचे ६,६००, पार्सलचे २५०. सगळे यूपीआयने, आधी. पुढचं तुम्हाला सांगायला नकोच.

माल आल्यावर एकेक नग मी घरी जोडलेल्या टेस्टरवर लावला. ९ व्होल्टची बॅटरी, बेसला (ट्रान्झिस्टर चालू करणारा पाय) १० के ओहमचा रेझिस्टर, कलेक्टरला (मुख्य करंटचा पाय) ४७० ओहमचा, उलटसुलट जोडलेले दोन एलईडी आणि पीएनपीसाठी, म्हणजे उलट्या दिशेने चालणाऱ्या ए १९४३ साठी, पोलॅरिटी फिरवायचा स्विच. सगळे पेटले. खूश होऊन त्याला व्हिडिओसुद्धा पाठवला! संताप होतो तो इथेच. एलईडीतून जातात जेमतेम १५ मिलिअँपिअर, त्यावर बीसी ५४७ सारखा चिमुकला ट्रान्झिस्टरसुद्धा पास होतो. पण आपल्या लाईनीत दुसरं कोण काय लावून बघतं वो?

पहिलाच ॲम्प्लिफायर आवाज चढवताच उडाला. आउटपुटला डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट) जाऊन स्पीकरची कॉइल जळाली, ते २,८०० वेगळे. एक नग वाईसमध्ये धरून फोडला, तर आत मुगाच्या डाळीएवढी चिप. भंगारातला खरा फोडला, त्याची कितीतरी मोठी. विक्रेत्याचं उत्तर: “व्हिडिओ तुमचाच आहे की, सगळे पास!” मग ब्लॉक.

पोलिसांचं तर विचारूच नका. इकडे म्हणाले, माणूस कोल्हापूरचा, तिकडे जावा. तिकडे म्हणाले, पैसे कर्नाटकातून गेले, तिकडेच द्या. इकडे परत, तर अर्ज कन्नडमध्ये आणा. कन्नडात लिहून नेला, तर साहेब बंदोबस्ताला. सीमाभागातला माणूस म्हणजे दोन्ही राज्यांना नकोसा! झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा) म्हटल्यावर हवालदार नुसता हसला.

पैसे गेल्या गेल्या १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, थांबू नका. पक्कं बिल नसेल तर माल नको. ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. मी बेळगावात टाकलीय. आणि पॉवर ट्रान्झिस्टर हीटसिंकवर बसवून १२ व्होल्टच्या बॅटरीवर ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब ओढायला लावा, बेसला २२ ओहम १० वॉट. बल्ब मंद, कलेक्टर-एमिटरवर व्होल्टभराहून जास्त, की परत पाठवा. व्हिडिओ तेव्हाचा काढा.

तोच माणूस आता दुसऱ्या नंबरावरून निपाणीकडे फिरतोय. फोटो तेच, दर १५०.