जिल्हा परिषदेची की इंग्रजी माध्यमाची? पहिलीत नाव घालण्याआधी

फी, बस, गणवेश यांचे हिशेब प्रत्येक पालकाला पाठ असतात, ते इथे सांगत नाही. आमची थोरली दुसरीपर्यंत तालुक्याच्या इंग्रजी शाळेत होती, आता गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. दोन्हीकडचं पाहिलं तेवढंच लिहितो.

शाळा नेमकी कशासाठी, याचं उत्तर पिढीगणिक बदलत आलं आहे. इंग्रज सरकारला कचेऱ्यांत लिहिणारे हवे होते. वरच्या वर्गाला शिकवलं की विद्या खाली झिरपेल, असं मानलं जाई. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे ही समजूत खोडून काढली आणि किमान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. आजोबांच्या पिढीत सातवीची फायनल पास झाली की मास्तरकी मिळे. १ एप्रिल २०१० पासून मात्र ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाचा शिक्षण हा हक्क झाला.

इंग्रजी शाळा अजून नोकरीच्याच हेतूवर उभी आहे, आणि ते गैर नाही. पोरं धीटपणे बोलतात, प्रत्येक वर्गाला शिक्षक असतो. आमच्याकडे पाच वर्गांना दोन गुरुजी. निवडणूक आणि जनगणना कायद्यानेच त्यांच्या गळ्यात, तेवढे दिवस वर्ग रखडतात. ही उणीव खरीच आहे.

मला सलत राहिली ती इंग्रजी शाळेची डायरी. धडा वर्गात वाचून व्हायचा, समजावून सांगणं घरच्यांवर. तिची आई कापूस वेचून दिवस मावळता घरी येई, आजी अहिराणीशिवाय बोलत नाही. पोरगी डायरी घेऊन एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत बसायची. पालक सभेत विचारलं, तर ट्यूशन लावा म्हणाले. शिकलेल्या घरातल्या लेकरालाच शिकवता येत असेल, तर बाकीच्यांनी शाळेत जायचं कशाला? फुले भांडले ते याच्याचसाठी ना?

गावच्या शाळेत गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात तिला अहिराणीतच विचारलं, "तुमना वावरमा काय पेरेल शे?" (तुमच्या शेतात काय पेरलं आहे?) पोरीचं तोंड उघडलं. पाढे केळीच्या घडाच्या फण्या मोजत झाले. आजीला विचारून यायचा गृहपाठ मिळाला, तेव्हा आजीही अभ्यासाला बसली. गणित सेमी इंग्रजीत आहे, त्यामुळे पुढे अडेल असं मला तरी वाटत नाही.

तुमच्या घरी संध्याकाळी इंग्रजी वाचून समजावणारं कोणी असेल, किंवा गावच्या शाळेतले चांगले गुरुजी नुकतेच बदलून गेले असतील, तर तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो. शाळा भरलेली असताना तासभर मागे बसून पाहा, गुरुजी नाही म्हणत नाहीत. आमच्या धाकट्याचं नाव जूनमध्ये तिथेच घालतो आहे.