ब्लड रिपोर्ट दाखवून घोड्यात हिस्सा विकतात, तेव्हा

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरचा शर्यतींचा हंगाम जवळ आला की घोड्यातला पाव हिस्सा, दहा टक्के हिस्सा विकायला दलाल फिरू लागतात. हल्ली हातात छापील ‘परफॉर्मन्स रिपोर्ट’ असतो. अशाच एका रिपोर्टवर चौघांनी एका घोड्यात हिस्से घेतले. पीसीव्ही 54, सीके नॉर्मल, वेगवान स्नायूतंतू 88 टक्के. खाली शेरा, ‘2400 मीटरचा, डर्बीचा घोडा’. प्रत्यक्षात तो 1200 मीटरनंतर संपायचा आणि दुसऱ्या दिवशी मागचे पाय आखडायचे. दलालाचा फोन आता लागत नाही.

गंमत म्हणजे रिपोर्टमधला एकही आकडा खोटा असायची गरज नव्हती.

पीसीव्ही म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा. शांत उभ्या थरोब्रेडमध्ये, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्यात, तो साधारण 35 ते 45 टक्के. पण घोड्याची पाणथरी (प्लीहा) लाल पेशींचं कोठार असते. एकूण पेशींपैकी तिसरा हिस्सा किंवा जास्तही तिथे साठलेला असतो. घोडा बिथरला, दोनदा सुई टोचावी लागली, की पाणथरी आकसते आणि काही क्षणांत आकडा 50 च्या पुढे. जोरात पळाल्यावर 60 ते 65. म्हणजे 54 हा दमाचा पुरावा नाही, घोडा घाबरला होता इतकंच. पाणी कमी पाजलं तरी आकडा चढतो, पण मग टोटल प्रोटीनही चढलेलं दिसतं. म्हणून ती ओळ रिपोर्टात हवीच.

खरी लबाडी स्नायूंच्या ओळीत होती. सीके आणि एएसटी ही स्नायूंतली एन्झाइम्स, इजा झाली की रक्तात उतरतात. स्नायूला इजा झाली की सीके चार ते सहा तासांत शिखराला जातं आणि सौम्य इजा असेल तर दोन-तीन दिवसांत खाली येतं. एएसटी सावकाश, साधारण दिवसभरात चढतं आणि आठवडा-दोन आठवडे रेंगाळतं. घोडा चार दिवस तबेल्यात उभा ठेवून रक्त काढलं की सीके स्वच्छ. एएसटी मात्र बोलली असती. रिपोर्टात ती ओळच नव्हती!

आणि 88 टक्के? पुठ्ठ्याच्या, म्हणजे घोड्याच्या मागच्या भागाच्या, स्नायूत वेगवान तंतू जवळजवळ प्रत्येक थरोब्रेडमध्ये बहुसंख्यच असतात. तपासणीसाठी स्नायूचा कण काढणारी सुई वरवर टोचली तर ते आणखी जास्त दिसतात, खोलवर संथ तंतू वाढतात. सुई किती सेंटिमीटर आत गेली हे लिहिलेलं नसेल तर त्या टक्क्यांना अर्थ नाही. स्नायूंच्या वाढीशी संबंधित मायोस्टॅटिन जीनची चाचणीही हल्ली दाखवतात. सी/सी निघाला तर घोडा कमी अंतराचा, टी/टी लांब पल्ल्याचा, असा कल त्यातून कळतो. तो जिंकेल का, हे नाही.

हिस्सा घेण्याआधी रक्त आपल्या पशुवैद्याकडून काढून घ्या. सकाळी, व्यायामाआधी, दाणा द्यायच्या आधी, ओळखीचा सईस धरून उभा असताना, पहिल्याच सुईत. पीसीव्हीसाठी जांभळ्या झाकणाची नळी, एन्झाइम्ससाठी वेगळी सीरमची. घोड्याचा मायक्रोचिप क्रमांक त्याच्या पासपोर्टशी जुळवूनच नळीवर लिहा. मग नेहमीचा गॅलप, म्हणजे सरावाची जोरदार दौड, झाल्यावर चार ते सहा तासांनी सीके आणि दुसऱ्या सकाळी एएसटी पुन्हा. लॅक्टेट (जोरात पळताना स्नायूंत बनून रक्तात येणारा पदार्थ) मोजणार असाल तर राखाडी झाकणाची फ्लोराइड नळी हवी, नाहीतर लाल पेशी नळीतही लॅक्टेट बनवत राहतात. सोबत अंतर, वेळ आणि थांबल्यावर किती मिनिटांनी रक्त काढलं तेही लिहा.

‘गॅलपनंतरचं रक्त नको, घोडा बिथरतो’ असं दलाल म्हणाला, तर चेक खिशातच ठेवा.